फळमाशीच्या अन्नात दुधाचे प्रथिन: ऑक्सिडेटिव्ह ताणाचा प्रयोग पहिल्यांदा करताना

पिकलेली केळी दोन दिवस उघडी राहिली की त्यांच्याभोवती तांबड्या डोळ्यांची बारीक चिलटे घिरट्या घालू लागतात. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जिला फळमाशी म्हणतात ती ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर याच कुळातली आहे. आंबा-पेरूचे बागायतदार ज्या फळमाशीने हैराण झालेले असतात ती बॅक्ट्रोसेरा वंशाची असून आकाराने बरीच मोठी असते आणि झाडावरच्याच फळाला टोचून आत अंडी घालते. हा लेख पहिल्या माशीविषयी आहे आणि प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा अन्नतंत्रज्ञान शिकणाऱ्या, पण माशीवर आजवर काम न केलेल्या वाचकांसाठी आहे. दुधातील प्रथिन आहारात दिल्यास माशी ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रूपांमुळे पेशींवर येणारा ताण, अधिक सोसते का, हे तपासणारा प्रयोग कसा उभारावा, हे त्यात पायरीपायरीने सांगितले आहे.

वरवर पाहता हा प्रयोग अगदी सोपा वाटतो. अन्नात केसीन हे दुधातले मुख्य प्रथिन मिसळावे, दहा दिवस माश्यांना ते खाऊ घालावे, मग असा ताण निर्माण करणारे पॅराक्वाट (एक तणनाशक) किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड द्यावे आणि कोण किती तास तगते ते मोजावे. असे करून आकडे मिळतातही. मात्र त्या आकड्यांचा अर्थ लावायला बसल्यावर लक्षात येते की माशीने नेमके काय खाल्ले, किती खाल्ले आणि केसीनमुळे तिच्या आहारातले आणखी काय बदलले, यांतले काहीच आपल्याला ठाऊक नाही. म्हणून या लेखात रसायनांच्या चाचण्यांपेक्षा अन्नाच्या पातेल्याला अधिक जागा दिली आहे.

पहिली पायरी: कोणते प्रथिन, आणि का

गाईच्या दुधात साधारण ३.३ टक्के प्रथिन असते. त्यातले सुमारे ८० टक्के केसीन असते आणि उरलेले निवळीतले, म्हणजे पनीर करताना जे हिरवट पाणी मागे राहते त्यातले, प्रथिन असते. बाजारात या दुसऱ्या प्रथिनाला व्हे प्रोटीन म्हणतात. या दोघांत ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक आहे. पेशींचे रक्षण करणारे ग्लुटाथायोन हे ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांपासून बनते आणि त्यांपैकी सहसा सिस्टीनचा तुटवडा भासतो. निवळीतल्या प्रथिनांत सिस्टीन भरपूर असते. केसीनच्या अल्फा-एस-१ आणि बीटा या दोन प्रमुख प्रकारांत ते मुळीच नसते. त्यामुळे ‘दुधाचे प्रथिन ग्लुटाथायोन वाढवते’ असे मोघम गृहीतक मांडून प्रयोगात केसीन वापरणे ही सुरुवातीचीच चूक ठरते. केसीन आणि व्हे स्वतंत्रपणे तपासावेत, किंवा एकच घ्यायचे असेल तर त्याला साजेसा प्रश्न विचारावा.

दुधाची पावडर मात्र या प्रयोगात वापरू नये. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत प्रथिन सुमारे एक तृतीयांश आणि लॅक्टोज जवळजवळ निम्मे असते. लॅक्टोज फुटल्यावर ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मिळतात, आणि जादा गॅलॅक्टोज देऊन प्राण्यांत ऑक्सिडेटिव्ह ताण व अकाली वार्धक्य निर्माण करणे ही प्रयोगशाळांतली रुळलेली पद्धत आहे. म्हणजे ज्याची तपासणी करायची त्याच्या जोडीने त्याच्या विरुद्ध काम करू शकणारा पदार्थही आपण पातेल्यात घातलेला असतो. डब्यावर शुद्धता लिहिलेले केसीन किंवा सोडियम केसिनेट (केसीनचे पाण्यात विरघळणारे रूप) घ्यावे आणि त्याचा बॅच क्रमांक वहीत नोंदवावा.

केसीन माशीला परके अन्न आहे, अशी शंका अनेकजण विचारतात. निसर्गात ती दूध पीत नाही हे खरे. परंतु माशीची पोषणाची गरज मोजण्यासाठी जे. एच. सँग यांनी १९५६ मध्ये जे ठरावीक घटकांचे अन्न प्रसिद्ध केले, त्यात प्रथिनाचा स्रोत केसीनच होता. माशी ते पचवते आणि त्यावर अळीची पूर्ण वाढही होते. मात्र आपल्या जठरात केसीनपासून जे पेप्टाइड सुटतात तेच माशीच्या आतड्यातही सुटतील असे धरून चालू नये.

दुसरी पायरी: तुलनेची अन्ने

साध्या अन्नात केसीन मिसळले की एकाच वेळी तीन गोष्टी बदलतात: उष्मांक वाढतात, प्रथिन आणि कर्बोदकांचे गुणोत्तर बदलते, आणि शिवाय केसीन हा विशिष्ट पदार्थ आत येतो. आपल्याला फक्त तिसऱ्या गोष्टीत रस असतो, पण माशीच्या दृष्टीने पहिल्या दोन गोष्टी क्षुल्लक नाहीत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि आता या क्षेत्रात पायाभूत मानल्या जाणाऱ्या अभ्यासात, प्रथिन व कर्बोदकांचे गुणोत्तर १:१६ असताना माश्या सर्वांत जास्त जगल्या, तर आयुष्यभरात घातलेल्या अंड्यांची संख्या १:४ या गुणोत्तरावर सर्वाधिक होती. म्हणजे प्रथिन वाढवले की मादी आयुष्याचा काही भाग अंड्यांकडे वळवते. त्यातच २००९ मध्ये असे दाखवले गेले की अल्पाहारावर ठेवलेल्या माद्यांना केवळ मेथिओनीन हे अमिनो आम्ल पुरवले तरी त्यांची अंडी घालण्याची क्षमता परत येते. आणि केसीनमध्ये मेथिओनीन बऱ्यापैकी असते. केसीन खाल्लेल्या माद्या पॅराक्वाटने लवकर मेल्या, तर तो केसीनचा दोष की वाढलेल्या अंड्यांचा भार, हे एकाच तुलनेतून कधीही सांगता येणार नाही.

म्हणून किमान चार अन्ने तयार करावीत. पाया म्हणून एक लिटर अन्नात ५० ग्रॅम साखर, ५० ग्रॅम यीस्ट आणि १५ ग्रॅम अगार घ्यावे. हे अन्न ‘क’. ‘ख’ अन्नात त्यावर २० ग्रॅम केसिनेट घालावे. ‘ग’ अन्नात केसिनेटऐवजी २० ग्रॅम जादा साखर घालावी. प्रथिन आणि साखर दोन्हींत ग्रॅममागे सुमारे ४ किलोकॅलरी असल्याने ‘ख’ आणि ‘ग’ यांचे उष्मांक जवळपास समान राहतात. ‘घ’ अन्नात २० ग्रॅम सोया प्रथिन घालावे. यातून काही फरक दिसला तर तो कोणत्याही जादा प्रथिनाचा आहे की खास दुधाच्या प्रथिनाचा, हे ‘ख’ आणि ‘घ’ यांच्या तुलनेतून कळते. यीस्टच्या वजनाचा साधारण निम्मा भाग प्रथिन असतो, म्हणून ‘ख’ अन्नात एकूण प्रथिन पायाच्या पावणेदोन पटीच्या आसपास जाते. हा बदल मुळीच लहान नाही. हात बसल्यावर १० आणि ४० ग्रॅम केसिनेटची अन्नेही जोडता येतील.

आपल्याकडे, विशेषतः दक्षिणेतल्या विद्यापीठांत, माश्यांचे अन्न गहू-रवा आणि गूळ यांचे करतात. माश्यांचा साठा राखण्यासाठी ते उत्तम आणि स्वस्त आहे. या प्रयोगासाठी मात्र ते वापरू नये, कारण रव्यात गव्हाचे स्वतःचे प्रथिन असते आणि गुळात लोह व फिनॉलवर्गीय पदार्थ असतात. त्यांपैकी लोह ऑक्सिडीकरणाला हातभार लावते, फिनॉल त्याला विरोध करतात आणि दोहोंचे प्रमाण प्रत्येक ढेपेगणिक वेगळे असते.

तिसरी पायरी: अन्न शिजवणे

मी ही पायरी जरा सविस्तर लिहितो, कारण आमची तीन आठवड्यांची मेहनत याच ठिकाणी वाया गेली होती. पहिल्या खेपेला आम्ही रोजच्या सवयीने सगळे शिजवले, ६० अंशांपर्यंत थंड केले आणि बुरशी येऊ नये म्हणून नेहमीचे प्रोपिऑनिक आम्ल घातले. व्हायल, म्हणजे माश्या ठेवायच्या लहान बाटल्या, भरल्या, कापसाचे बोळे लावले आणि दुसऱ्या दिवशी माश्या सोडल्या. प्रयोग संपत आल्यावर एक व्हायल सहज उजेडासमोर धरली, तेव्हा वरचा अर्धा थर नितळ आणि खालचा पांढरट, रवाळ दिसला. दूध फाटले होते! केसीनचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला त्याच्यावरचा एकूण विद्युतभार शून्य होऊन ते साकळते तो बिंदू, पीएच ४.६ ला आहे, आणि आम्ल घातलेल्या माशीच्या अन्नाचा पीएच नेमका त्याच परिसरात उतरतो. पनीर करताना जे घडते तेच पातेल्यात घडले आणि अगार गोठेपर्यंत गुठळ्या तळाशी बसल्या. माश्या पृष्ठभागावर बसून खातात. त्यामुळे आमच्या ‘केसीनवरच्या’ माश्यांच्या पोटात केसीन फारसे गेलेच नव्हते.

तेव्हापासून आम्ही पुढील क्रम पाळतो. एकूण पाण्यापैकी एक चतुर्थांश गार पाणी बाजूला घेऊन त्यात सोडियम केसिनेट थोडे थोडे भुरभुरावे आणि अर्धा तास भिजू द्यावे. एकदम ओतल्यास बेसनासारख्या गुठळ्या होतात. साधे आम्ल-केसीन पाण्यात विरघळत नाही, म्हणून नवख्याने केसिनेटच घ्यावे. उरलेल्या पाण्यात अगार, साखर आणि यीस्ट एकत्र उकळावे, अगार पूर्ण विरघळेपर्यंत ढवळत राहावे आणि मग आच बंद करावी. मिश्रण ७० अंशांच्या आसपास आले की भिजवलेले केसिनेट कोमट करून त्यात मिसळावे. पीएच कागदाने पाहावा. तो साडेपाचच्या खाली असेल तर सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाचे थेंब घालून वर आणावा, आणि हीच दुरुस्ती चारही अन्नांना करावी. प्रोपिऑनिक आम्ल पूर्णपणे वगळावे. त्याऐवजी केवळ मिथाइल पॅराबेन, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत निपाजिन, इथेनॉलमध्ये १० टक्के विरघळवून लिटरला ३० मिलिलिटर घालावे; हे परिरक्षक उदासीन पीएचलाही काम करते. आम्ल नसल्याने जिवाणू वाढण्याची शक्यता राहते, म्हणून अन्न दर दोन दिवसांनी बदलावे. ५० ते ५५ अंशांवर, ओतताना ढवळणे न थांबवता, व्हायल भराव्यात आणि प्रत्येक खेपेतील एक व्हायल उजेडासमोर धरून पाहिल्याशिवाय माश्या सोडू नयेत.

चौथी पायरी: माश्या

कँटन-एस किंवा ओरेगॉन-आर यांसारखा रानटी वाण घ्यावा. भारतात म्हैसूर विद्यापीठाच्या ड्रोसोफिला साठाकेंद्रातून वाण मिळवता येतात; अमेरिकेतील ब्लूमिंग्टन येथील केंद्र जगभर वाण पुरवते. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढ माशी साधारण दहा दिवसांत तयार होते, आणि १८ अंशांना त्याच्या दुप्पट वेळ लागतो. उन्हाळ्यात वीज गेली की इनक्युबेटर तासाभरात तिशीपार जातो, म्हणून आत कमाल-किमान तापमान दाखवणारा तापमापक ठेवावा आणि रोजचे आकडे नोंदवावेत. सापेक्ष आर्द्रता ६० टक्के आणि १२ तास उजेड, १२ तास अंधार हे प्रमाण ठेवावे.

अळ्यांची गर्दी झाली की प्रौढ माश्या लहान निपजतात आणि लहान माशी ताणाला वेगळा प्रतिसाद देते. म्हणून सर्व बाटल्यांत अंड्यांची संख्या साधारण सारखी ठेवावी. एका दिवसात बाहेर पडलेल्या माश्या गोळा कराव्यात, ४८ तास नर-माद्या एकत्र ठेवाव्यात आणि मग कार्बन डायऑक्साइडच्या हलक्या गुंगीत वेगळ्या कराव्यात. नराच्या पोटाचे टोक काळे व गोलसर असते आणि पुढच्या पायांवर केसांची बारीक काळी फणी असते. मादी मोठी असते आणि तिच्या पोटाचे टोक निमुळते असते. महाविद्यालयात ईथर वापरत असाल तर हात आखडता ठेवावा. पंख अंगापासून उभे राहिलेली माशी बहुधा परत उठत नाही. गुंगीतल्या माश्या घातलेली व्हायल त्या जाग्या होईपर्यंत आडवी ठेवावी, नाहीतर पंख अन्नाला चिकटून निम्म्या माश्या तिथेच मरतात. ही क्षुल्लक वाटणारी सूचना प्रत्येक नवा विद्यार्थी एकदा तरी विसरतो.

एका व्हायलमध्ये २० माश्या, प्रत्येक अन्न आणि प्रत्येक लिंगामागे किमान पाच व्हायल, असा हिशेब केला तर एका फेरीला ८०० माश्या लागतात. जीवरसायनाच्या चाचण्यांसाठीच्या माश्या वेगळ्या आणि उपाशी ठेवण्याच्या चाचणीसाठीच्या आणखी वेगळ्या. ही तयारी आधीपासून ठेवावी.

पाचवी पायरी: किती खाल्ले

चवीत किंवा पोतात फरक पडला की माशी कमी-जास्त खाते. अन्नात खाण्याचा निळा रंग मिसळून माश्यांना तासभर खाऊ द्यावे, त्या चिरडून द्रावण गाळावे आणि ६३० नॅनोमीटरला रंगाची तीव्रता मोजावी. बिनरंगाचे अन्न खाल्लेल्या माश्यांचा आकडा त्यातून वजा करावा. खाण्यात मोठा फरक आढळला तर पुढे जाण्याआधी अन्नाचे प्रमाण दुरुस्त करावे. ‘केसीनमुळे आयुष्य वाढले’ असे म्हणताना प्रत्यक्षात माश्या अर्धपोटी राहिल्या होत्या, हा प्रकार या क्षेत्रात नवा नाही, आणि अल्पाहारानेच माशीचे आयुष्य वाढते हे आता सर्वमान्य आहे.

सहावी पायरी: ताण देणे

दहा दिवस चाचणीचे अन्न दिल्यावर माश्यांना तीन-चार तास फक्त ओल्या कागदावर ठेवावे आणि मग ताण द्यावा. नवख्याने सुरुवात हायड्रोजन पेरॉक्साइडने करावी. ५ टक्के साखरेच्या पाण्यात ते १ ते ५ टक्के या पट्ट्यात घेऊन आधी साध्या अन्नावरच्या माश्यांवर छोटी चाचणी करावी आणि ज्या प्रमाणात निम्म्या माश्या एक ते दोन दिवसांत मरतात ते प्रमाण निवडावे. द्रावण रोज ताजे करावे, कारण ते उजेडात आणि उष्णतेत विघटित होते. व्हायलच्या तळाशी बसेल असा गाळणकागद कापून त्यावर सुमारे ३०० मायक्रोलिटर द्रावण टाकावे.

पॅराक्वाट पेशीतला इलेक्ट्रॉन उचलून ऑक्सिजनला देते, सुपरऑक्साइड तयार करते आणि स्वतः पुन्हा त्याच कामाला मोकळे होते. म्हणून थोड्या मात्रेतही त्याचा परिणाम टिकून राहतो. प्रयोगात ते बहुधा १० ते २० मिलिमोलर वापरतात. २० मिलिमोलरचे १० मिलिलिटर द्रावण करण्यास पॅराक्वाट डायक्लोराइड सुमारे ५१ मिलिग्रॅम लागते. माणसासाठी हे विष अत्यंत घातक असून त्यावर उतारा नाही. अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीशिवाय ते हाताळू नये; वजन करताना हातमोजे, चष्मा आणि मुखपट्टी आवश्यक आहे. कृषी सेवा केंद्रातले तणनाशक आणून प्रयोग करू नये, कारण त्यात इतरही द्रव्ये मिसळलेली असतात आणि मग माशी नेमकी कशाने मेली ते कळत नाही.

दोन्ही विषे माशीच्या तोंडावाटेच जातात, ही या पद्धतीतली मोठी उणीव आहे. ज्या माश्या द्रावण कमी पितात त्या जास्त जगतात, मग त्यांचा आहार काहीही असो. म्हणून द्रावणातही निळा रंग घालून पिण्याचे प्रमाण मोजावे. शिवाय चारही अन्नांवरच्या काही माश्या फक्त १ टक्का अगारवर, म्हणजे पाणी आहे पण अन्न नाही अशा स्थितीत, ठेवाव्यात. केसीनवरच्या माश्या तिथेही तेवढ्याच जास्त जगल्या, तर आपण ऑक्सिडेटिव्ह ताणाची सहनशक्ती मोजलेली नसून अंगातला चरबीचा साठा मोजलेला आहे.

मृत माश्यांची मोजणी दर सहा तासांनी करावी. मोजणाऱ्याला व्हायलमधले अन्न कळू नये म्हणून दुसऱ्या कोणीतरी त्यांवर सांकेतिक क्रमांक घालावेत.

सातवी पायरी: पेशीतल्या चाचण्या

माश्या चिरडण्यापूर्वी त्यांना तीन तास साध्या अगारवर ठेवून आतडे रिकामे होऊ द्यावे. सर्व एन्झाइमची पातळी प्रति मिलिग्रॅम प्रथिन अशी मांडण्याची प्रथा आहे, आणि पोटात न पचलेले केसीन असेल तर भाजक वाढून एन्झाइम खोटेच कमी दिसतात. खबरदारी म्हणून तेच आकडे प्रति माशी आणि प्रति मिलिग्रॅम वजन असेही काढावेत. डोळ्यांतले तांबडे रंगद्रव्य प्रकाशमापनात अडथळा आणते, म्हणून डोकी वेगळी करून धड तेवढे घ्यावे.

सुपरऑक्साइड डिसम्यूटेझ (सुपरऑक्साइड निकामी करणारे एन्झाइम) आणि कॅटालेझ (हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारे एन्झाइम) यांच्या दोन चाचण्यांपासून सुरुवात करणे सोयीचे आहे. कॅटालेझसाठी हायड्रोजन पेरॉक्साइडची २४० नॅनोमीटरवरची घट मोजतात. क्वार्ट्झचे क्युव्हेट घ्यावे, कारण साधी काच आणि साधे प्लास्टिक या तरंगलांबीचा प्रकाश अडवतात. मेदाच्या ऑक्सिडीकरणासाठी थायोबार्बिट्युरिक आम्लाची, ५३२ नॅनोमीटरवरची चाचणी सर्वत्र वापरतात, पण साखरही तिच्यात रंग देते. जादा साखरेच्या ‘ग’ अन्नावरच्या माश्यांत मेदाची हानी वाढलेली दिसली तर आधी आतडे खरोखर रिकामे होते का ते तपासावे.

सस्तन प्राण्यांसाठीचे किट विकत घेताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. ड्रोसोफिलात ग्लुटाथायोन रिडक्टेझ हे एन्झाइम नाही. ते काम थायोरेडॉक्सिन रिडक्टेझची व्यवस्था सांभाळते. तरीही ‘माशीतील ग्लुटाथायोन रिडक्टेझ’चे आकडे प्रबंधांतून छापले जातात. एकूण ग्लुटाथायोन आणि त्याचे ऑक्सिडीकृत रूप मोजावे, पण या एन्झाइमच्या नादी लागू नये. डिसम्यूटेझ वाढले म्हणजे संरक्षण वाढलेच, असाही निष्कर्ष काढू नये; आहारानेच ताण वाढवला असेल तरी शरीर ते वाढवतेच. मेदाची किंवा प्रथिनांची हानी प्रत्यक्षात घटली आणि माश्याही जास्त तगल्या, तरच एन्झाइमच्या आकड्याला वजन येते.

आठवी पायरी: आकडे आणि आवराआवर

जगण्याच्या वक्रांची तुलना लॉग-रँक चाचणीने करावी. अन्न बदलताना उडून गेलेल्या किंवा अन्नाला चिकटून मेलेल्या माश्या मृतांत न धरता त्या क्षणी नोंदीतून बाहेर काढलेल्या म्हणून दाखवाव्यात. एका व्हायलमधल्या २० माश्या एकच अन्न, एकच ओल आणि एकच जिवाणू वाटून घेतात. त्यामुळे एन्झाइमच्या चाचण्यांत नमुन्यांची संख्या व्हायलवरून मोजावी, माश्यांवरून नव्हे. संपूर्ण प्रयोग नव्याने शिजवलेल्या अन्नावर आणि नव्या पिढीच्या माश्यांवर किमान तीनदा करावा. नर आणि माद्यांचे निष्कर्ष एकत्र करू नयेत. अंड्यांचा भार फक्त माद्यांवर असतो, त्यामुळे परिणाम नरांत दिसला आणि माद्यांत पुसला गेला तर दुसऱ्या पायरीतल्या मुद्द्याकडे परत जावे आणि माद्यांची रोजची अंडी मोजावीत.

मोजणी संपल्यावर व्हायल उघड्या टाकू नयेत. त्या रात्रभर उणे २० अंशांवर ठेवाव्यात, म्हणजे उरलेल्या माश्या आणि अळ्या मरतात. त्यानंतर साध्या अन्नाच्या व्हायल धुवाव्यात. पॅराक्वाट लागलेले कागद, बोळे आणि व्हायल मात्र न धुता वेगळ्या, खूण केलेल्या पिशवीत घालून संस्थेच्या रासायनिक कचऱ्यात द्याव्यात.